हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड त्वचेवर किंवा नखांवर पडलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, तळवडे, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात स्टेनलेस स्टीलची कामं करणारी शेकड्यांनी वर्कशॉप आहेत. शहरात गाड्या धुणारी सर्व्हिस सेंटर आहेत, काचेवर नक्षी काढणारे आहेत, दातांच्या कॅप बनवणाऱ्या लॅब आहेत. या सगळ्यांच्या कामात एकच अ‍ॅसिड वेगवेगळ्या नावांच्या डब्यांतून येऊ शकतं. ते हाताळणारे कामगार, त्यांचे सुपरवायझर, घरची माणसं आणि कधी कधी गल्लीतले डॉक्टरही जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. आत्ता या क्षणी कोणाच्या अंगावर ते पडलं असेल, तर फक्त पहिला प्रश्न वाचा आणि कामाला लागा. बाकीचं नंतर वाचता येईल.

आत्ताच हातावर पडलंय. काय करू?

नळाखाली हात धरा. डबा शोधणं, मालकाला फोन करणं, सगळं त्यानंतर. पाणी वाहतं हवं, भरपूर हवं, पण जोराचा फवारा नको. हँडग्लोज, बाही, घड्याळ, अंगठी, मनगटावरचा दोरा हे सगळं पाणी चालू असतानाच काढा. देवाचा दोरा काढायला माणसं बिचकतात, पण भिजलेला दोरा त्याच जागी अ‍ॅसिड धरून ठेवतो. तो कापून टाका. मदत करणाऱ्याने स्वतः हँडग्लोज घातल्याशिवाय त्या हाताला किंवा कपड्यांना हात लावू नये.

कॅल्शियम ग्लुकोनेटची जेली वर्कशॉपमध्ये असेल तर पाच मिनिटं धुऊन लगेच ती जाड थरात लावा आणि हलक्या हाताने चोळत राहा. जेली नसेल तर किमान १५ मिनिटं धुवा. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन करावा किंवा गाडी काढावी. गाडी आली तरी रस्त्यात बाटलीने पाणी ओतत राहता येतं. निघताना डब्यावरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो घ्या.

दुखत नसलं तरी जा.

पण खरंच दुखत नाहीये. थोडं लाल झालंय, एवढंच. तरी दवाखान्यात जायचं?

हो, आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक नुकसान इथेच होतं. अ‍ॅसिड म्हटलं की लगेच चटका बसणार, कातडी सोलणार, अशी आपली कल्पना असते. हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड, कामाच्या भाषेत एचएफ, त्या कल्पनेत बसत नाही. ५० टक्क्यांहून तीव्र असेल तर लगेच कळतं: आग होते, कातडी पांढरी पडते. २० ते ५० टक्के असेल तर दुखणं १ ते ८ तासांनी सुरू होऊ शकतं. २० टक्क्यांच्या आत असेल तर त्वचा लाल व्हायला आणि ठणका लागायला २४ तासही जाऊ शकतात.

आता आपल्या भागातला हिशोब पाहा. वेल्डिंगचा काळेपणा काढायच्या पेस्टमध्ये, दातांच्या लॅबमधल्या जेलमध्ये, डाग काढायच्या द्रावणात एचएफचं प्रमाण बहुधा कमी असतं. म्हणजे ज्या मालाशी आपल्या माणसांचा रोज संबंध येतो, नेमका तोच उशिरा दुखणारा असतो. संध्याकाळी पाच वाजता बोटाला लागलं, हात धुतला, शिफ्ट संपली, माणूस मोशीला घरी गेला, जेवून झोपला. रात्री दोनला बोट असं ठणकायला लागतं की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. तोवर अ‍ॅसिड आत जाऊन कित्येक तास झालेले असतात. नाव माहीत असूनही त्या सुरुवातीच्या शांत तासांत उपचार सुरू न करणं, याहून मोठं नुकसान नाही.

फरशी घासायचं अ‍ॅसिड हातावर उडालं तर आम्ही धुतो आणि पुढचं काम करतो. यात वेगळं काय आहे?

फरशीचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते पाण्यात पूर्णपणे सुटं होतं, वरच्या कातडीला जाळतं आणि बरचसं तिथेच थांबतं. एचएफचे बरेच रेणू पाण्यात न तुटता अखंड राहतात. त्या अखंड रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून तो त्वचेच्या स्निग्ध थरातून सहज पार होतो आणि आत मांसापर्यंत पोचतो. तिथे पोचल्यावर तो तुटतो आणि फ्लोराइड मोकळं होतं.

खरा घात हे फ्लोराइड करतं. ते शरीरातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतं आणि त्यांचे न विरघळणारे क्षार बनवतं. पेशींना जगायला कॅल्शियम लागतं. ते गेलं की पेशी मरतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर पडतं, आणि तिथल्या मज्जातंतूंची टोकं पेटल्यासारखी होतात. वरून दिसणाऱ्या जखमेच्या मानाने दुखणं कितीतरी पट जास्त असतं ते यामुळे. नवखे डॉक्टर कधी कधी म्हणतात, 'एवढ्याशा लालीला एवढा आरडाओरडा कशाला?' पेशंट उगाच ओरडत नसतो.

फ्लोराइड जोवर कशाशी तरी पक्कं जोडलं जात नाही तोवर ते आत सरकत राहतं, हाडापर्यंतसुद्धा. बाहेरून कॅल्शियम देण्यामागचा विचार साधा आहे: शरीरातलं कॅल्शियम ओढण्याऐवजी त्याला आपण दिलेलं कॅल्शियम मिळावं.

आमच्याकडे एचएफ वापरतच नाहीत. मग आम्ही हे का वाचावं?

डब्यावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय यावर जाऊ नका. एसएस फॅब्रिकेशनमध्ये वेल्डजवळची काळी-निळी झाक घालवायला जी पिकलिंग पेस्ट लावतात, तिच्यात नायट्रिक अ‍ॅसिडसोबत बहुतेक वेळा एचएफ असतं. नायट्रिकमुळे कातडी पिवळी पडते, आणि जुने कारागीर तो पिवळा डाग बघून म्हणतात, 'नायट्रिकचं आहे, आठ दिवसांत जाईल.' पिवळं नायट्रिकने झालेलं असतं हे खरंच, पण त्याच थेंबातलं एचएफ तोवर खाली उतरलेलं असतं.

अ‍ॅलॉय व्हील आणि ट्रकची बॉडी चकाचक करणारी काही क्लीनर, एसीच्या कॉइल धुण्याची काही द्रावणं, कपड्यांवरचे गंजाचे डाग काढणारी काही औषधं, काच धुरकट करायची क्रीम यांतही ते असू शकतं. दातांच्या लॅबमध्ये सिरॅमिक खरबरीत करायला ५ ते १० टक्क्यांचं जेल वापरतात. विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळांत खडक विरघळवायला ते लागतं, कारण काचेला आणि वाळूला खाणारं हेच अ‍ॅसिड. ते काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत तेही याचमुळे.

लेबलवर 'अमोनियम बायफ्लोराइड' असं लिहिलेलं असेल तर तेही याच घरातलं समजा. पाण्यात पडलं की त्यातून एचएफच तयार होतं, आणि उपचारही तेच. बाजारातून लेबल नसलेल्या कॅनमध्ये सुटा माल आणला असेल, तर विकणाऱ्याकडून त्याची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालात काय आहे आणि त्याचा धोका काय ते सांगणारा कागद, मागा. देत नसेल तर तो माल घेऊ नका. दहा-वीस रुपये लिटरमागे वाचवून कोणाचं बोट जाणार असेल तर तो सौदा महागात पडला.

नखाखाली गेलंय असं वाटतंय. नख तर वरून ठीक दिसतंय. कसं ओळखायचं?

नखांचं प्रकरण वेगळं आणि अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अ‍ॅसिड नखाच्या कडांमधून, पुढच्या मोकळ्या टोकाखालून आणि मुळाजवळच्या चामडीतून आत जातं, आणि एचएफ नखातूनही झिरपू शकतं. हँडग्लोजच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं छिद्र असेल तर द्रव नेमका तिथे साचतो, आणि आत हात घामाने ओला असल्याने कळतही नाही. नख स्वतः मेलेला कठीण पापुद्रा आहे, त्यामुळे ते बराच वेळ धडधाकट दिसतं. बिघाड त्याच्या खालच्या मऊ भागात, म्हणजे नखाच्या गादीत चाललेला असतो. नखातून आरपार बघितलं तर गादी आधी लालसर, मग पांढरट किंवा राखाडी, कधी निळसर-काळी दिसते. कडेला सूज येते. ठणका नाडीबरोबर उसळतो आणि हात खाली सोडला की वाढतो.

इथे घरोघरी होणारी गफलत म्हणजे याला नखुरडं समजणं. नखुरडं झालं म्हणून पोटीस बांधतात, गरम पाण्यात बोट बुडवतात, लिंबात बोट खुपसून ठेवतात. एचएफ लागल्यावर यातल्या कशाचाही उपयोग नाही आणि वेळ मात्र जातो. गेल्या २४ तासांत पेस्ट, क्लीनर किंवा अ‍ॅसिड हाताळलं होतं का, हा प्रश्न घरच्यांनी आधी विचारावा.

आता उपचार. वरून लावलेली जेली नखाखाली नीट पोचत नाही. म्हणून वैद्यकीय हँडग्लोजमध्ये जेली भरून त्यात अख्खा हात घालून ठेवतात, म्हणजे ती नखाच्या कडांशी सतत लागून राहते. अर्ध्या-पाऊण तासात दुखणं हटलं नाही तर डॉक्टर पुढचा मार्ग घेतात. पूर्वी नख सरसकट काढून टाकत असत, म्हणजे गादीवर थेट औषध लावता येई. अजूनही काही वेळा ते करावं लागतं. पण आता शक्य असेल तर नखाला बारीक भोक पाडून किंवा हाताच्या धमनीतून कॅल्शियम सोडून नख वाचवण्याकडे कल असतो. बोटाच्या टोकात इंजेक्शनने जास्त औषध भरलं तर आत दाब वाढून रक्तपुरवठाच अडू शकतो, म्हणून हे काम अनुभवी हाताचंच आहे. घरी नख कापणं, उचकटणं, सुईने टोचणं यांतलं काहीही करू नका.

चुन्यात कॅल्शियमच असतं ना? मग पानाचा चुना लावला तर?

लावू नका. ही शंका खूप जणांना येते आणि तर्क वरवर बरोबरही वाटतो. पण चुना हा तीव्र अल्कली आहे. धड कातडीवर चिमूटभर चुना सोसतो, पण अ‍ॅसिडने सैल झालेल्या ओल्या त्वचेवर तो स्वतःच भाजतो. मग एका जखमेच्या दोन जखमा होतात, आणि डॉक्टरांना कुठली कशाने झाली ते ओळखता येत नाही.

खाण्याच्या सोड्यानेही फ्लोराइड बांधलं जात नाही. हळद लावली की त्वचेचा रंग झाकला जातो, आणि या दुखण्यात रंग बदलतोय का हेच तर बघायचं असतं. तूप, टूथपेस्ट, पेट्रोलियम जेली, बर्नॉल यांनी धुणं थांबतं आणि खालचं अ‍ॅसिड कोंडतं. कॅल्शियमची गोळी गिळल्याने बोटात गेलेलं फ्लोराइड थांबत नाही.

जेली अजिबात नाही आणि दवाखाना लांब आहे, अशा वेळी कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या कुटून पाण्यात विरघळणाऱ्या जेलीत कालवून लावतात. ही तात्पुरती सोय आहे, आणि तीही भरपूर धुतल्यानंतरच.

ही कॅल्शियम ग्लुकोनेटची जेली मिळते कुठे? घरी बनते का?

तयार जेली २.५ टक्क्यांची असते. ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळेल या भरवशावर राहू नका. सुरक्षा साहित्य किंवा रुग्णालयांना माल पुरवणाऱ्यांकडून आधी मागवून ठेवावी लागते. तिला मुदत असते. कपाटावर तारीख मोठी लिहून चिकटवा.

तयार नसेल तर दवाखान्यात ती पाच मिनिटांत बनते. कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० टक्क्यांचं १० मिलीचं एक इंजेक्शन, त्यात ३० मिली पाण्यात विरघळणारी निर्जंतुक वैद्यकीय जेली. झालं २.५ टक्के. इंजेक्शन जवळपास प्रत्येक रुग्णालयात असतं, कारण ते इतर कारणांसाठीही लागतं. म्हणजे 'आमच्याकडे हे औषध नाही' म्हणून पेशंट परत पाठवायचं कारण नाही. फक्त काय करायचं ते माहीत हवं.

माझं म्हणणं असं की ज्या वर्कशॉपमध्ये पिकलिंग पेस्टचा डबा येतो तिथे त्याच दिवशी दोन ट्यूब जेली यायला हवी, आणि ती साहेबांच्या कुलूपबंद केबिनमध्ये न ठेवता नळाजवळ ठेवायला हवी. रात्रपाळीला केबिन बंद असते.

पुण्यात कुठे न्यायचं?

जवळात जवळ, जिथे २४ तास अपघात विभाग आहे, ईसीजी काढता येतो आणि अतिदक्षता विभाग आहे तिथे. पुणे स्टेशनजवळ ससून आहे, पिंपरीत संत तुकारामनगरला यशवंतराव चव्हाण रुग्णालय, म्हणजे वायसीएम आहे. ईएसआय कार्ड असेल तर बिबवेवाडी आणि चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयची रुग्णालयं आहेत. चाकणहून निघून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये नाशिक फाट्याला अडकण्यापेक्षा वाटेतल्या मोठ्या रुग्णालयात आधी उपचार सुरू करून घ्या. गरज पडली तर तिथून पुढे हलवता येतं.

निघतानाच त्या रुग्णालयाला फोन करून सांगा: एचएफचा पेशंट येतोय, कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवा. डॉक्टरांना सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या नंबरवर दिवसरात्र बोलतं.

डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

'अ‍ॅसिडने भाजलं' एवढंच सांगितलं तर साध्या भाजण्याचं मलम आणि पट्टी मिळून घरी पाठवलं जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणून नाव घ्या: हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड. सोबत सांगा किती टक्क्यांचं, किती वाजता लागलं, किती वेळ धुतलं, जेली लावली का. लेबलचा फोटो दाखवा.

हे पान डॉक्टरच वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. दुखणं कमी होणं हीच उपचार लागू पडल्याची खूण, म्हणून बोट आधीच बधिर करू नये. केलं तर ती खूण हातची जाते. जेलीने भागलं नाही तर ५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट बारीक सुईने, दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.५ मिली या बेताने. कॅल्शियम क्लोराइड मांसात टोचू नये, त्याने ऊती मरतात. बोटांसाठी धमनीतून ४ तास सावकाश सोडण्याची पद्धत प्रस्थापित आहे. रक्तातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम एकदा तपासून थांबू नये, पुन्हा पुन्हा तपासावं, आणि ईसीजीवर क्यूटी अंतरावर लक्ष ठेवावं.

एवढ्याशा भाजण्याने माणूस दगावतो, हे खरं की घाबरवायला सांगतात?

खरं आहे, पण प्रमाण समजून घ्या. बोटाच्या पेराला सौम्य पेस्ट लागली तर जीव जात नाही. बोट मात्र जाऊ शकतं. तीव्र अ‍ॅसिड असेल तर शरीराच्या अडीच टक्के भागावर पडूनही मृत्यू झालेले आहेत. बोटांसकट आपला एक तळहात म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. म्हणजे मांडीवर अडीच-तीन तळव्यांएवढा शिंतोडा.

फ्लोराइड रक्तात उतरलं की तिथलं कॅल्शियम-मॅग्नेशियम घसरतं, पोटॅशियम वाढतं आणि हृदयाची लय बिघडते. ओठांभोवती मुंग्या, हातापायात पेटके, मळमळ, छातीत धडधड ही लक्षणं दिसली तर एक मिनिटही दवडू नका. पण ती दिसतीलच असं धरून बसू नका. काही जणांत आधीची कुठलीही सूचना न देता हृदय थेट फडफडायला लागतं. मोठ्या भागावर पडलं असेल, अ‍ॅसिड तीव्र असेल, किंवा ते नाकातोंडात गेलं असेल, तर माणूस कितीही ठणठणीत बोलत असला तरी त्याला मॉनिटरवर ठेवायलाच हवं.

दुखण्यासाठी घरात पेनकिलर आहे. ती घेऊन सकाळपर्यंत काढता येईल?

नाही. साध्या गोळीने हा ठणका जात नाही, आणि गेलाच तर आतलं काम चालूच राहतं. जेली लावल्यावर दुखणं थांबून पुन्हा सुरू झालं, तर त्याचा अर्थ फ्लोराइड शिल्लक आहे. परत जेली, परत दवाखाना.

कोणते हँडग्लोज घालायचे? आम्ही तर घालतोच.

सुती हँडग्लोज एचएफसाठी न घातलेलेच बरे, कारण ते भिजतात आणि अ‍ॅसिड कातडीला लावून धरतात. चामड्याचे वेल्डिंगचे ग्लोज तसेच. दवाखान्यातले पातळ निळे ग्लोज थेंबभर शिंतोड्यापुरते, तेही उडताक्षणी काढून हात धुवायचे असतील तर. पेस्ट लावायला, द्रावण ओतायला निओप्रीन किंवा ब्युटाइल रबरचे जाड, कोपरापर्यंतचे हवेत.

रोज घालण्याआधी ग्लोजमध्ये हवा भरून मनगटाशी पिळा आणि पाण्यात बुडवा. बुडबुडा आला तर टाकून द्या, शिवून-चिकटवून वापरू नका. नखं वाढवू नका, ती आतून टोक फाडतात. डोक्याच्या वर हात करून टाकीवर ब्रश मारताना ओघळ मनगटातून आत शिरतो, म्हणून ग्लोजची कड बाहेर दुमडून पन्हाळ करा. चेहऱ्याला फेस शील्ड, अंगाला रबरी एप्रन. ब्रश मारणाऱ्याला एकट्याला काम देऊ नका. डोळ्यात उडालं तर त्याला नळ दाखवायलाही कोणी हवं.

डोळ्यात गेलं, वाफ हुंगली, तोंडात गेलं तर?

डोळा: पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्वचेची जेली डोळ्यात घालू नका.

वाफ: मोकळ्या हवेत आणा, बसतं ठेवा, १०८ ला बोलवा. दम लागणं काही तासांनीही सुरू होऊ शकतं. दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात २०१२ साली टँकरमधून हे रसायन उतरवताना गळती झाली आणि ५ कामगार गेले. शुद्ध एचएफ १९.५ अंश सेल्सियसलाच उकळतं, म्हणजे पुण्याच्या बहुतेक दिवसांत ते बाहेर पडताच वायू होतं.

तोंडात: उलटी करवू नका. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर दूध द्या आणि दवाखान्यात पळा. पाण्याच्या बाटलीत कुठलंही क्लीनर भरून ठेवायची सवय आजच बंद करा.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीला आग लागली की हाच वायू सुटतो म्हणे?

लिथियम बॅटरी जळताना धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतं, हो. म्हणून असा धूर हुंगायचा नाही, लांब उभं राहायचं आणि जळालेल्या सांगाड्याला उघड्या हाताने हात लावायचा नाही. लावला गेलाच तर वर सांगितल्याप्रमाणे धुवा आणि नखं नीट बघा.

वर्कशॉपमध्ये जमिनीवर सांडलं. वाळू टाकली तर चालेल?

वाळू नको. एचएफ वाळूशी झटतं आणि त्यातून आणखी एक विषारी वायू सुटतो. भुसाही नको. जमिनीवर सांडलेल्यासाठी मात्र विझवलेला चुना किंवा चुनखडीची पूड योग्य आहे; त्वचेवर जे नको तेच इथे कामाचं, कारण फरशीला भाजायची भीती नाही. कडेने टाकत मध्यापर्यंत या, उष्णता आणि वाफ निघेल म्हणून दारं-खिडक्या उघडी ठेवा, माणसं बाहेर काढा. मोठं सांडलं असेल तर स्वतः हात न लावता अग्निशमन दलाला बोलवा. गटारात लोटून देऊ नका. ते गटार पुढे पवनेला किंवा इंद्रायणीला मिळतं.

मालक म्हणतात, 'एवढ्यासाठी दवाखाना कशाला, घरी जा, उद्या ये.' काय करावं?

दवाखान्यात जा. कंत्राटी असा, रोजंदारीवर असा, कामावर झालेली इजा ही कामावरची इजाच आहे. अपघाताची नोंद कारखान्याच्या रजिस्टरमध्ये तारीख-वेळेसकट करून घ्या, आणि डॉक्टरांच्या कागदावर 'कामावर असताना' आणि रसायनाचं नाव लिहून घ्या. पुढे ईएसआय किंवा नुकसानभरपाई मिळवताना ही दोन वाक्यं कामाला येतात. सुरक्षेची साधनंच देत नसतील तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते.

मालकांनाही सांगावंसं वाटतं: पहिल्या तासात जेली आणि गाडीचा खर्च किती, आणि बोट गमावलेल्या कारागिराचं पुढचं आयुष्य किती, हे एकदा शेजारी शेजारी मांडून बघा.

नख गेलं. परत येईल का? बोट पूर्वीसारखं होईल?

नखाचं मूळ, म्हणजे चामडीखालचा जो भाग नख तयार करतो, तो वाचला असेल तर येतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण यायला सहाएक महिने. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. मूळ दुखावलं असेल तर नवीन नखावर खाचा पडतात, ते जाडं किंवा दुभंगलेलं येतं, कधी येतच नाही.

शेवटच्या पेराच्या हाडाचं कॅल्शियम गेलं आहे का ते बघायला काही आठवड्यांनी एक्सरे काढतात. टोकाला थंडी सोसत नाही, बधिरपणा राहतो, सांधा आखडतो, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. जखम भरली की बोट हलवायचे व्यायाम लवकर सुरू करा. प्लास्टिक सर्जन किंवा फिजिओथेरपिस्ट ते दाखवतील. आणि नवीन नख पूर्ण येऊन घट्ट बसेपर्यंत त्या माणसाला पेस्टच्या कामावर लावू नका, दुसरं काम द्या. नखाची कड मोकळी असताना तिथून आत जायला अ‍ॅसिडला फार वेळ लागत नाही.